गडग्याआडचं गवत

१२ नोव्हेंबर १९८६

उतरल्या! सकाळी पडदा सारला तर सातही घोड्या दगडी गडग्यापाशी उभ्या. टेकडीवरचं गवत संपलं म्हणजे. पाठ वाऱ्याकडे, शेपट्या पायांत, अंगावर गारांचा थर — आणि तोंडं घराकडे. माझ्याकडेच!

म्हणजे आजपासून एप्रिलपर्यंत मी अडकले.

सासूबाईंनी खुर्चीतूनच विचारलं, "आल्या का?" खिडकी त्यांच्याच बाजूला आहे. माझ्याआधी त्यांनीच पाहिल्या असणार. तरी विचारलं.

"आल्या."

"मग उभी काय राहिलीस?"

गोठ्यातलं गवत जाळीत भरलं, जाळी पाठीवर टाकली आणि गेले. दाराबाहेर पडल्या पडल्या वाऱ्यानं मला जाळीसकट फिरवलं. परत आले तर कानांत, केसांत, पोलक्याच्या आत गवत. सासूबाई विणत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "निम्मं तू घरीच आणलंस."

१३ नोव्हेंबर

तिसरा हिवाळा हा.

रॅझमी समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर कामाला गेला तेव्हा म्हणाला होता, "एवढा एक हिवाळा आईला नि तट्टांना सांभाळ, विल्मा." मग तो तिकडे अ‍ॅबर्डीनला डोरीन नावाच्या बाईकडे राहायला लागला. हे मला त्यानं नाही सांगितलं, त्याच्या मित्राच्या बायकोनं सांगितलं — दुकानात, लोणी घेताना! नवरा गेला. त्याची आई राहिली, त्याच्या घोड्या राहिल्या. आणि मी.

मी का राहिले? कुणी जा म्हटलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गवत घालायचंच होतं.

२० नोव्हेंबर

सात घोड्या, आठ ढीग. एक ढीग जास्त लागतो, नाहीतर सगळ्यांत गरीब असते ती उपाशी राहते. आमची ग्रुली, राखाडी, माझ्या कमरेएवढीसुद्धा नाही. पण दांडगाई बघावी! पहिल्या ढिगावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, सगळ्यांना हाकलत फिरते. म्हातारी मूरी प्रत्येक वेळी सरकते. सरकत सरकत शेवटच्या ढिगापाशी जाते आणि तिथं गुपचूप खाते.

मला मूरीचा राग येतो. अगं, एकदा तरी लाथ मार!

यंदा उन्हाळाभर पाऊस, त्यामुळे गवत नीट वाळलंच नाही. आतून बुरसटलंय. प्रत्येक पेंढी झटकून घालावी लागते, नाहीतर त्यांना खोकला लागतो. झटकून झटकून मलाच लागलाय.

गिबी — पलीकडचा शेजारी, मेंढ्यांवाला, लग्नाबिग्नाच्या भानगडीत न पडलेला — गडग्यावर कोपर टेकून बघत होता.

"शेटलंडची तट्टं आहेत ही, विल्मा. यांचे पूर्वज समुद्रातलं शेवाळ खाऊन जगले. तू लाडावून ठेवतेस."

"मग तू घाल उद्यापासून. लाड न करता."

मोठ्यांदा हसला आणि निघून गेला. सगळे असेच हसून निघून जातात.

२७ नोव्हेंबर

नेटाचा फोन. माझी बहीण म्हणून सांगत नाही, पण ती बोलायला लागली की लर्विक शहरातून फोनची गरजच नाही, नुसती खिडकी उघडली तरी ऐकू येईल.

"शाळेच्या स्वयंपाकघरात जागा निघालीय. मी तुझं नाव सांगितलं. पाच जानेवारी, सोमवार. राहायला माझ्याकडे वरची खोली. ये!"

"बघते."

"काय बघतेस? तो गेला तिकडे मजा मारायला आणि तू त्याच्या आईला सूप नि त्याच्या घोड्यांना गवत! लग्न त्यांच्याशी केलंस का गं?"

मी फोन कानाशी दाबून धरला. आतल्या खोलीत सुयांचा आवाज थांबला होता.

"कोण होतं?" सासूबाई.

"नेटा."

"काय म्हणत होती?"

"हवा खराब आहे म्हणत होती."

"एवढा वेळ?"

२८ नोव्हेंबर

रात्रभर डोळ्यांसमोर मोठी पातेली. शंभर पोरांचा गलका — आणि सगळी बोलणारी माणसं! आनंदानं झोप लागली नाही.

सकाळी उठले. अंधार. गवत.

३ डिसेंबर

गवत घातलं. पाण्यावरचा बर्फ फोडला. सूप केलं. अंधार पडला.

४ डिसेंबर

कालच्यासारखंच.

९ डिसेंबर

भांडण!

मी एवढंच म्हटलं, की आई, ग्रुलीला आणि दुसऱ्या दोघींना गिबीच्या रानात सोडू या का, मला सात जणींचं ओझं होतंय.

"कुणाला ओझं होतंय?"

"मला."

"माझी सासू पोटात रॅझमी असताना मला पाठीवर किशी देऊन पाठवायची. ती टोपली गवतानं गच्च भरून. तेव्हा या घरात बारा घोड्या होत्या."

"तुमचा नवरा घरी होता."

बोलून गेले. सासूबाईंचे ओठ पांढरे झाले. मग म्हणाल्या, "तू शहरातली पोर. आलीस तेव्हा घोडीच्या कुठल्या टोकाला गवत द्यायचं हेही तुला माहीत नव्हतं. मी शिकवलं."

"हो. आणि आता मला दुसरं काहीच येत नाही."

दार आपटून बाहेर गेले. आणि जाऊन जाऊन कुठं जाणार? घोड्यांपाशी. सात तोंडं लगेच वर. त्यांना वाटलं, बाई दुसऱ्यांदा जेवण घेऊन आली.

१४ डिसेंबर

रविवार. रॅझमीचा आईला फोन. एरवी मी खोलीतून उठून जाते. आज गेले नाही. सासूबाईंचं झालं तसा फोन हातातून घेतला.

"घोड्या विकून टाक, रॅझमी."

"विल्मा? कशी आहेस?"

"घोड्या विकून टाक म्हणते. मला लर्विकला काम मिळतंय."

मागे कुठे तरी टीव्ही चालू होता, बाईचं हसणं ऐकू आलं. मग म्हणाला, "आत्ता थंडीत कोण नेणार त्यांना? आणि आईला त्यांच्याशिवाय करमायचं नाही. घाई काय आहे? तू आहेसच ना तिथं."

तू आहेसच ना तिथं! जशी गडग्यात बसवलेली धोंड!

फोन ठेवला. सासूबाई खिडकीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "तुला काम मिळतंय हे मला फोनवरून कळायचं होतं का?"

१५ डिसेंबर

एकमेकींशी बोलणं बंद. मूरीनं आज निम्मं गवत तोंडातून खाली टाकलं. चावून चावून ओला बोळा होतो आणि गळतो. दात संपले तिचे. अंगावर अस्वलासारखे केस म्हणून गोल दिसते. आज केसांत हात घातला — बरगड्या बोटांना लागल्या. एकेक मोजता यावी अशी.

घरी येऊन सांगितलं. बोलणं बंद होतं तरी सांगितलं.

"कोमट पाण्यात भिजवून दे," सासूबाई म्हणाल्या. मग सुया खाली ठेवून, "रॅझमी शाळेत गेला त्या वर्षी जन्मली ती."

१८ डिसेंबर

वादळ. बेटावरून लर्विकला जाणारी बोट बंद. सकाळी घराचं दार उघडेना. बर्फ उंबरठ्यावर चढून बसलेला. खिडकीतून उतरले! चव्वेचाळीस वर्षांची बाई खिडकीतून उतरतेय, पाठीवर गवत, आणि मागून सूचना — "डावा पाय आधी! डावा गं!"

घोड्या गडग्याच्या आडोशाला एकमेकींना चिकटून. पाठीवर बर्फ तसाच, वितळत नाही एवढे दाट केस. मी गेले तशी ग्रुलीनं नाक माझ्या काखेत घातलं. वाऱ्यापासून वाचायला म्हणून. मीही जरा तशीच उभी राहिले.

१९ डिसेंबर

अजून बंद. फोनही गेला. जगात मी, सासूबाई आणि सात घोड्या.

२० डिसेंबर

मूरी गेली.

जसं झालं तसं लिहिते. नाहीतर उद्या मला वाटेल मी मनानंच रचलं.

सकाळी ढीग मांडले, मोजल्या तर सहाच. सातवी पाण्याच्या चराच्या कडेला, बर्फात आडवी. जिवंत होती. डोळा हलत होता. ओढलं, ढकललं, शिव्या दिल्या. उठेना. घराकडे धावले, ओरडून सांगितलं मूरी पडलीय, आणि तशीच गिबीकडे निघाले. सासूबाई ओरडल्या, "वाट बुजलीय, तू पोचायची नाहीस!" निम्म्या वाटेवर कमरेपर्यंत रुतले. बाहेर निघेपर्यंत रडकुंडीला आले. परत फिरले.

येऊन बघते तर चरापाशी सासूबाई! दोन काठ्या, डोक्यापासून पायापर्यंत रॅझमीचा जुना मेणकापडी कोट. घरापासून तिथपर्यंत कशा आल्या देव जाणे. दोन वर्षं त्या गोठ्यापर्यंतही गेल्या नव्हत्या. बर्फातच बसल्या होत्या, मूरीचं डोकं मांडीवर.

"उठा आई! गारठून मराल!"

"बस खाली. वारा अडव."

बसले. दुसरं काय करणार? जाळीतलं मऊ मऊ गवत निवडून मूरीच्या ओठांशी धरलं. तिनं घेतलं. चावलं नाही. तोंडात तसंच राहिलं.

घोडीचा श्वास आणि वारा. मग सासूबाई बोलायला लागल्या. माझ्याकडे नाही, मूरीच्या कानाशी बोलावं तशा.

"गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात ऑर्कनीहून एक माणूस येणार होता. सगळ्या घेऊन जाणार होता, हिलासुद्धा. रॅझमीनंच ठरवलं होतं. मी नाही म्हटलं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "रॅझमी विकायला तयार होता?"

"तयार कसला, मागे लागला होता. मी म्हटलं, घोड्या गेल्या तर मी जीव देईन. रडले फोनवर. तेव्हापासून तो घोड्यांचं नाव काढत नाही."

"एवढा जीव आहे तुमचा त्यांच्यावर?"

"घोड्यांवर?" त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. नाकाचं पाणी ओठावर गोठलेलं. "अगं, घोड्या गेल्या की तू जाणार. मला कळत नाही का? तू काय माझ्यासाठी राहिली होतीस?"

थंडीनं बधिर झाले होते, की रागानं, कळत नाही. दीड वर्ष! दीड वर्षापूर्वीच सुटले असते मी! आणि ही बाई खुर्चीत बसून सूप पीत होती, मीठ कमी आहे म्हणून सांगत होती!

मूरीचा श्वास कधी थांबला ते दोघींनाही समजलं नाही.

सासूबाईंना पाठुंगळीस घेऊन घरी आणलं. गवताच्या जाळीपेक्षा हलक्या.

२१ डिसेंबर

वर्षातला सगळ्यांत लहान दिवस. उजाडलं म्हणेपर्यंत मावळला.

२३ डिसेंबर

वारा पडला. गिबी आला, मूरीला पुरायला. जमीन लोखंडासारखी. शेवटी समुद्राकडच्या वाळूत नेली. त्यानं टोपी काढली. "घरातली म्हातारी कशी आहे?" मी म्हटलं, बरी आहे, तिला काय झालंय! तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

फोन सुरू झाला. पहिला नेटाला केला. येते म्हणून सांगितलं. ती आनंदानं किंचाळली. फोन ठेवला, वळले, तर सासूबाई दारात, काठ्यांवर.

"पाच तारखेला कामावर," मी म्हटलं. "तीन तारखेच्या बोटीनं जाणार."

"आणि घोड्या?"

"तुमच्या मुलाच्या आहेत. त्याला सांगा."

"आणि मी?"

चूल पेटवायला वाकले. फार वेळ पेटवत बसले.

२५ डिसेंबर

नाताळ. सहा घोड्या, तरी हातानं आठ ढीग मांडले. मांडून झाल्यावर कळलं.

खारवलेलं मटण, बटाटे, बॅनकची भाकरी. गिबी जेवायला आला म्हणून बरं. तो आपला मेंढ्यांचं बोलत राहिला. जाताना दारात हळूच म्हणाला, "मी घातलं असतं गं गवत. पण माझी पाठ... आणि नाताळ सोडला तर म्हातारी मला दारात उभं करत नाही, तुला माहितीय."

"माहितीय."

"तू गेलीस तर ती हिवाळा काढायची नाही."

का? का मला सांगतात सगळे? अ‍ॅबर्डीनला फोन लागत नाही का कुणाचा?

२८ डिसेंबर

रविवार. रॅझमीला सासूबाई सांगतील वाटलं होतं मी जातेय म्हणून. नाही सांगितलं. "सगळं ठीक आहे," म्हणाल्या. "विल्मा घोड्यांकडे गेलीय."

मी समोरच बसले होते!

२९ डिसेंबर

बॅग भरली. पलंगाखाली ठेवली. नंतर काढून दारापाशी ठेवली, बघू दे!

३० डिसेंबर

सासूबाई पडल्या.

मी गवत घालून परत आले तर स्वयंपाकघरात आडव्या. काठ्या एकीकडे, त्या एकीकडे. "पाय... पाय..." एवढंच. उचलायला गेले तर अशी किंकाळी फोडली की माझे हात सुटले. कसंबसं पलंगावर घातलं. नर्सला बोलावलं. तिलाही पायाला हात लावू देईनात. नर्स खोलीचं दार लावून बराच वेळ आत होती. बाहेर आली, माझ्याकडे न बघता हातमोजे चढवले. "हाड मोडलं असावंसं नाही वाटत. पण या वयात... निजून राहू दे. हलवू नकोस. एकटं सोडायचं नाही."

एकटं सोडायचं नाही.

मी दारापाशी ठेवलेली बॅग बघितली. नर्सनंही बघितली.

एक विचार येऊन गेला. लिहायची लाज वाटते, पण इथं नाही लिहायचं तर कुठं. वाटलं, हे नाटक आहे. घोड्यांचा दोर पुरेना म्हणून हा दुसरा दोर. मग आत गेले तर त्या भिंतीकडे तोंड करून कण्हत होत्या. पिकलेली वेणी सुटलेली. इतकी लहानशी बाई! स्वतःचीच शिसारी आली.

३१ डिसेंबर

नेटाला फोन केला. जमणार नाही म्हटलं. ती ओरडली नाही. तेच जास्त लागलं. "सोमवारपर्यंत मी कुणाला बोलत नाही," म्हणाली. "सोमवारी शाळेवाले दुसरी बाई घेतील."

भांडं दिलं, काढलं, पाय चोळायला गेले तर "नको! हात लावू नकोस!" सूप भरवलं. सबंध वाडगा संपवला. कण्हणं चालूच.

बाहेर सगळ्या बेटावर नवं वर्ष. एका घरातून दुसऱ्या घरात माणसं, बाटल्या, गाणी. आमच्या दारावर कुणी थाप मारली नाही, आजारी घर म्हणून.

१ जानेवारी १९८७

गवत घातलं.

२ जानेवारी

रॅझमी येतोय उद्या. नर्सनं त्याला कळवलं, सासूबाईंनीच सांगितलं होतं म्हणे. त्याचा फोन आला, घाबरलेला. "आई वाचेल ना?" वाचेल, म्हटलं.

येईल. पलंगापाशी बसेल, आईचा हात धरेल, डोळे पुसेल. दोन दिवसांनी बोट धरून जाईल. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवेल, की तू आहेस म्हणून काळजी नाही. मला सगळं आत्ताच दिसतंय. बॅग उघडली, कपडे परत कपाटात लावले. निम्मेच लावले. हातच चालेना. दमले मी. खरंच दमले.

३ जानेवारी

बोटीत लिहितेय. लाटेनं अक्षरं वाकडी होतायत.

रॅझमी सकाळच्या बोटीनं उतरला. जाडा झालाय. आईपाशी बसला, खरंच रडला. त्या डोळे मिटून कण्हत होत्या. मग क्षीण आवाजात म्हणाल्या, "बाळा, आधी घोड्यांना घाल. सकाळपासून उपाशी आहेत. विल्माला जमत नाही." मी तोंड उघडलं. पहाटेच घातलं होतं मी! त्यांनी पांघरुणाखालून माझा हात असा दाबला की हाड मोडेल. रॅझमी कोट चढवून, जाळी पाठीवर घेऊन गेला.

दार लागलं. सासूबाई पलंगावर ताडकन उठून बसल्या. दोन्ही पाय खाली सोडले, उभ्या राहिल्या, खिडकीपाशी जाऊन पडद्याआडून बघितलं. "गडग्यापर्यंत पोचला. बॅग कुठंय तुझी? अर्धीच भरलीय? असू दे, बाकीचं नर्स पाठवेल. बोट अजून धक्क्याला आहे." त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि दाराकडे ढकललं.

"पळ पोरी. मला फार वेळ कण्हता येत नाही."